कॅम्परमध्ये दुसरी लिथियम बॅटरी जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्टची, आत बीएमएस (सेलवर नजर ठेवून मर्यादा ओलांडली की बॅटरी बंद करणारं सर्किट) बसवलेली बॅटरी. कॅम्परमध्ये अशी एक आधीच चालू आहे आणि तिच्या जोडीला दुसरी बसवायची आहे, असं गृहीत धरलं आहे. बॅटरी वाढवणं तसं सोपं असतं. खरं काम असतं ते दोघींमध्ये करंटची वाटणी समान ठेवण्याचं, आणि खालच्यांपैकी निम्मे प्रश्न फिरून तिथेच येतात.

मला दुसरी बॅटरी खरंच लागणार आहे का?

बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी खरेदी करताना विसरलं जातं. बॅटरीत किती टक्के साठा उरला ते दाखवणाऱ्या मॉनिटरवर काही दिवस सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा. बॅटरी दुपारीच भरून जाते, त्यानंतर सोलरची वीज वाया जाते आणि पहाटे मात्र आकडा १०-१५ टक्क्यांवर आलेला असतो, तर साठवण कमी पडते आहे. दुसरी बॅटरी घ्या. पण बॅटरी दिवसभरात कधी पूर्ण भरतच नसेल, तर पॅनेल किंवा चार्जर वाढवा. भरायलाच वीज नसेल तर दुसरी बॅटरी अडचण फक्त एक-दोन दिवस पुढे ढकलते.

दुसरं रास्त कारण म्हणजे मोठा लोड. २००० वॉटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर चालवली की, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी, बॅटरीतून साधारण १७५ अँपिअर ओढले जातात. १०० अँपिअरच्या बीएमएसची एकटी बॅटरी हे देऊच शकत नाही, मग ती कितीही भरलेली असो. दोन असतील तर प्रत्येकीवर ८७-८८ येतात. वीस मिनिटांच्या स्वयंपाकाला जेमतेम ५८ एएच (अँपिअर-अवर, साठ्याचं माप) जातात, म्हणजे अडचण साठ्याची नसून एका वेळी लागणाऱ्या करंटची असते. शेगडीसाठी बॅटरी घेणाऱ्यांनी एएचच्या आधी बीएमएसचा आकडा वाचावा.

दुसरी बॅटरी अगदी तशीच हवी का? माझं मॉडेल आता मिळत नाही.

तशीच मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तीन गोष्टी पाहा: रसायन आणि सेलची संख्या तीच हवी, दोन्ही कंपन्यांनी आपापल्या माहितीपत्रकात पॅरललला (प्लसला प्लस, मायनसला मायनस अशा जोडणीला) परवानगी दिलेली हवी, आणि बीएमएसची करंट-मर्यादा जवळपास सारखी हवी. क्षमता वेगळी असली तर चालतं. १०० एएच आणि २०० एएच पॅरललमध्ये असतील तर मोठीचा अंतर्गत रोध साधारणपणे कमी असतो, त्यामुळे ती आपसूकच जास्त भार उचलते. मात्र दोघींच्या बीएमएसची मर्यादा १०० अँपिअरच असेल, तर मोठी आधी अडखळेल.

वयाच्या फरकाचा बाऊ केला जातो. जुनीसोबत नवी जोडू नये हा सल्ला लेड-अॅसिडच्या काळातला आहे आणि तिथे तो बरोबरही होता. लिथियम पॅरललमध्ये जुनी बॅटरी नवीला खाली ओढत नाही, तिच्या वाट्याला कमी साठा येतो इतकंच. दोन-तीन वर्षं नीट वापरलेली बॅटरी असेल तर मी बेलाशक नवी जोडेन. सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडताना, मात्र हे अजिबात करू नये.

जुनी लेड-अॅसिड काढायची जिवावर येते. ती लिथियमला जोडून ठेवली तर?

नको. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड शांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास असते. लिथियम आपला बहुतेक साठा १३ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यानच रिकामा करते. थेट जोडल्या की लिथियम दिवसरात्र त्या लेड-अॅसिडला चार्ज करत बसते आणि लेड-अॅसिड कामाला येते ती लिथियम संपल्यावर. शिवाय दोघींच्या चार्जिंगच्या गरजा वेगळ्या. गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळीच राहते, तिचा संबंध फक्त डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत यावा, म्हणजे तिच्याकडून वीज घेऊन लिथियमला हव्या त्या व्होल्टेजने भरणाऱ्या चार्जरमार्फत.

पॅरलल की सिरीज?

१२ व्होल्टच्या गाडीत पॅरलल: प्लसला प्लस, मायनसला मायनस, व्होल्टेज तेच आणि एएच दुप्पट. सिरीज केली तर २४ व्होल्ट होतात आणि दिव्यांपासून पंपापर्यंत सगळं बदलावं लागतं.

जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, असं का सांगतात?

कारण जोडताक्षणी जास्त व्होल्टेजची बॅटरी कमी व्होल्टेजच्या बॅटरीत करंट ओतते आणि वाटेत अडवायला जवळजवळ काही नसतं. एक १३.४ व्होल्टवर आणि दुसरी जवळपास रिकामी, १२.४ वर आहे असं धरा. दोन्ही बॅटऱ्यांचा आणि मधल्या केबलचा मिळून रोध १० मिलिओम असेल, तर १ व्होल्टच्या फरकाने १०० अँपिअर धावतील. ठिणगी उडेल, बीएमएस बंद पडेल किंवा फ्यूज जाईल. हा झटका फार वेळ टिकत नाही, पण तो हवा आहे कोणाला?

नवी बॅटरी कारखान्यातून अर्धीमुर्धी भरलेलीच येते. तिला लिथियमच्या चार्जरने १४.४ व्होल्टपर्यंत न्या आणि पहिल्या वेळी काही तास त्याच व्होल्टेजवर राहू द्या. बहुतेक बीएमएस आतले सेल फक्त वरच्या टोकाला, तेही मिलिअँपिअरच्या हिशेबात, समान करतात. घाई केली तर ते काम अर्धवट राहतं. मग जुनीही तशीच भरा. दोघींना काही तास मोकळं ठेवून मल्टिमीटरने मोजा. फरक ०.१ व्होल्टच्या आत असला की जोडा.

फक्त व्होल्टेज सारखं दिसतंय म्हणून अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या जोडल्या तर? झटका बसणार नाही. पण लिथियमचा व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की एकसारखंच १३.२ दाखवणाऱ्या दोन बॅटऱ्यांत २० टक्क्यांचा फरक सहज असू शकतो. मग मॉनिटरचा हिशेब सुरुवातीपासूनच चुकतो.

केबल नेमकी कुठून कुठे जोडायची?

सर्वात जास्त दिसणारी चूक इथेच होते, ती अशी. पहिल्या बॅटरीला इन्व्हर्टरच्या आणि इतर लोडच्या केबल तशाच ठेवायच्या, दुसरी बॅटरी शेजारी ठेवून दोन तुकड्यांनी जोडायची आणि झाकण लावायचं. सगळं चालू होतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पहिल्या बॅटरीचा करंट थेट बाहेर पडतो आणि दुसरीच्या करंटला दोन्ही जोडतुकडे आणि त्यांचे चार सांधे ओलांडून यावं लागतं. तिचा मार्ग लांब, म्हणून तिच्या वाट्याला काम कमी.

लिथियममध्ये हा फरक जास्त जाणवतो, कारण बॅटरीचा स्वतःचा रोधच काही मिलिओम असतो. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला अर्धा मिलिओम, म्हणजे अर्ध्या मीटरच्या तुकड्याने फार बिघडत नाही. बिघडवतात ते सांधे. नीट न दाबलेला लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंवा टर्मिनल आणि लगच्या मध्ये घातलेला स्टीलचा वॉशर एकटाच एक-दोन मिलिओम वाढवू शकतो. ५ मिलिओमची बॅटरी आणि ५ अधिक २ मिलिओमची बॅटरी यांच्यात १०० अँपिअर वाटले गेले, तर एकीवर ५८ येतात आणि दुसरीवर ४२.

उपाय साधा आहे. मुख्य प्लस एका बॅटरीवरून घ्या आणि मुख्य मायनस दुसरीवरून, म्हणजे तिरकी जोडणी. आता कुठल्याही बॅटरीचा करंट बाहेर पडताना एकच जोडतुकडा ओलांडतो. दोन्ही तुकडे एकाच लांबीचे, एकाच जाडीचे घ्या. वॉशर लगच्या वर येतो, खाली कधीच नाही.

पुढे तिसरी बॅटरी येण्याची शक्यता असेल तर आत्ताच बसबार (अनेक केबल एकत्र जोडायची धातूची पट्टी) लावा आणि प्रत्येक बॅटरीपासून समान लांबीच्या केबल त्यावर आणा. मला विचाराल तर दोन बॅटऱ्यांनासुद्धा बसबारच बरा. फ्यूज लावायला सोयीचा पडतो आणि एखादी बॅटरी बाजूला काढायची झाली तर बाकीचं उसकटावं लागत नाही.

एकच मुख्य फ्यूज आहे. तो पुरेल का?

नाही. एका बॅटरीच्या वेळी फ्यूज फक्त पुढच्या वायरिंगचं रक्षण करत होता. आता एकीच्या केबलचं आवरण गाडीच्या सांगाड्याला घासून फाटलं, तर दुसरी बॅटरीही त्या शॉर्टमध्ये आपला करंट ओतेल आणि तो मुख्य फ्यूजमधून जाणारच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीला तिच्या प्लसजवळ, जमेल तितका जवळ, स्वतःचा फ्यूज हवा. बीएमएस १०० अँपिअरचा असेल तर साधारण १२५ चा फ्यूज बसतो, पण केबल तेवढं पेलणारी हवी. फ्यूज केबलसाठी असतो, बॅटरीसाठी नाही.

फ्यूजचा प्रकारही पाहा. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते. हलका फ्यूज अशा वेळी वितळतो, पण आतला आर्क, म्हणजे फटीत पेटलेली ठिणगी, विझत नाही आणि करंट वाहतच राहतो. गाडीतले साधे पात्याचे फ्यूज साधारण १,००० अँपिअरपर्यंतच तोडू शकतात, एएनएल प्रकारचे ६,०००, टर्मिनलवर थेट बसणारे एमआरबीएफ १४ व्होल्टवर १०,००० आणि क्लास-टी २०,०००. मुख्य जागी क्लास-टी आणि प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलवर एमआरबीएफ ही जोडी बरी पडते. बीएमएसमध्ये शॉर्टपासून संरक्षण असतं हे खरं, पण त्यातले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळताना कधी कधी चालू अवस्थेतच चिकटतात. त्यावर सगळा भरवसा टाकू नये.

जोडतुकड्यातून अर्धाच करंट जातो. मग तो बारीक घेतला तर चालेल?

तिरक्या जोडणीत एका बॅटरीचा बीएमएस बंद पडला असं डोळ्यासमोर आणा. प्लस जिच्यावर आहे ती एकटी चालू राहिली, तर तिचा सगळा परतीचा करंट मायनसच्या तुकड्यातून फिरतो. दुसरी चालू राहिली तर प्लसच्या तुकड्यातून. म्हणून दोन्ही तुकडे मुख्य केबलइतकेच जाड घ्या.

दोन बीएमएस एकमेकांशी भांडत नाहीत का?

भांडत नाहीत, कारण बहुधा ते एकमेकांना ओळखतच नाहीत. प्रत्येक बीएमएस फक्त आपल्या चार सेलकडे पाहतो आणि मर्यादा ओलांडली की आपली बॅटरी वेगळी करतो. मोबाइलच्या अॅपवर दोघी शेजारी दिसतात ती निव्वळ दिसण्याची सोय असते. काही मॉडेलना मात्र आपसात संपर्काची केबल लागते, माहितीपत्रक वाचा.

चार्जिंगच्या शेवटी एक आधी भरली आणि बाजूला झाली, तर दुसरी निवांत भरते. काही बिघडत नाही. खरी पंचाईत लोड चालू असताना होते. एका जुवाला दोन बैल असावेत आणि एकाने मान काढून घ्यावी, तसं होतं. इन्व्हर्टर १७५ अँपिअर ओढतोय, एका बॅटरीचा सेल खालच्या मर्यादेला पोचला, ती सुटली. सगळे १७५ दुसरीवर आले, तिच्या १०० च्या मर्यादेपलीकडे, म्हणून तीही सुटली. दिवे, फ्रिज, पंप एकदम बंद, आणि मॉनिटर अजून २० टक्के शिल्लक दाखवतोय. अशी तक्रार आली की बॅटरी खराब निघाली असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वाटणी असमान असते किंवा मोठा लोड अगदी तळापर्यंत चालवलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी करा. इन्व्हर्टरची कमी व्होल्टेजची कटऑफ लेड-अॅसिडच्या १०.५ वर पडून असेल तर १२ व्होल्टच्या आसपास आणा, म्हणजे बीएमएसच्या आधी इन्व्हर्टर थांबेल आणि फ्रिज चालू राहील. आणि दोन बॅटऱ्यांच्या मर्यादांची बेरीज करून त्या पूर्ण आकड्याचा इन्व्हर्टर घेऊ नका, थोडी ढील ठेवा.

चार्जर, सोलर कंट्रोलर बदलावे लागतील का?

बहुधा नाही. व्होल्टेजच्या सेटिंग तशाच राहतात: १४.२ ते १४.४ पर्यंत चार्ज, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.४ ते १३.६, इक्वलायझेशन (लेड-अॅसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय बंद. वेळ मात्र वाढेल. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर २०० एएचची अर्धी रिकामी जोडी भरायला साडेतीन तास घेईल. चार्जिंगचा वेळ ठरावीक मिनिटांचा लावलेला असेल तर तोही वाढवा.

अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून, फक्त रिलेने (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने), मध्ये चार्जर न ठेवता, लिथियम चार्ज करत असाल तर दुसरी बॅटरी जोडण्याआधी ती व्यवस्था बदला. लिथियमचा रोध कमी, त्यामुळे ती अल्टरनेटरकडून मिळेल तितकं ओढते, आणि आता दुप्पट वेळ ओढेल. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वाइंडिंग तापतं. भर चार्जिंगमध्ये दोन्ही बीएमएस सुटले तर व्होल्टेजची जी उसळी येते, ती अल्टरनेटरचे डायोड घालवू शकते.

मॉनिटरचं काय?

दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस शंटच्या (मॉनिटरसाठी करंट मोजणाऱ्या तुकड्याच्या) बॅटरीकडच्या टोकाला आणि बाकी सगळं दुसऱ्या टोकाला. एखादी मायनस वायर थेट बॅटरीवर राहून गेली असेल तर तिचा करंट मोजलाच जात नाही, आणि जुन्या गाड्यांत अशी एखादी वायर हमखास सापडते. मग क्षमता २०० एएच करा. शेपटीचा करंट, म्हणजे ज्याच्या खाली आल्यावर मॉनिटर बॅटरी भरली असं समजतो तो, टक्क्यांत असतो: ४ टक्के पूर्वी ४ अँपिअर होते, आता ८ झाले. चार्जर लहान असेल तर मॉनिटर वेळेआधीच १०० टक्के जाहीर करेल, म्हणून हा आकडा थोडा कमी करा.

एक बॅटरी आत, एक मागच्या डिकीत ठेवली तर?

टाळा. केबल लांबते हे एक. त्याहून मोठी अडचण तापमानाची. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते, नाहीतर सेलमध्ये धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून बीएमएस थंडीत चार्जिंग नाकारतो. डिकीतली नाकारेल, आतली एकटी भरेल आणि ऊन पडल्यावर अर्धी रिकामी आणि पूर्ण भरलेली अशा दोघी पुन्हा एकत्र येतील. दोघींना एकाच कप्प्यात ठेवा. हीटर असलेली बॅटरी घेणार असाल तर दोघींना हीटर हवा.

१०० एएचच्या बॅटरीचं वजन साधारण १० ते १३ किलो असतं. जोरात ब्रेक दाबल्यावर ती जागची हलणार नाही अशी पट्टी किंवा चौकट हवी. प्लस टर्मिनलवर टोपी हवीच.

प्रत्यक्ष जोडताना क्रम कसा ठेवू?

आधीच्या जोडणीचा फोटो काढा. लोड बंद, इन्व्हर्टर बंद, बाहेरची वीज काढलेली. मग सोलर पॅनेल कंट्रोलरपासून तोडा, आणि ते बॅटरी काढण्याआधीच, कारण पॅनेल चालू असताना बॅटरी काढलेली बऱ्याच कंट्रोलरना सोसत नाही. डीसी-टू-डीसी चार्जरची गाडीच्या बॅटरीकडची वायर इंजिन बंद असतानाही जिवंत असते, तिचा फ्यूज काढा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. सगळे बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळा. अंदाजाने आवळलेला बोल्ट एकतर सैल राहतो नाहीतर टर्मिनलचे आटे जातात. मोठ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असल्याने शेवटचा लग टेकवताना जोराची ठिणगी उडते आणि कधी त्या झटक्याने बीएमएसच बंद पडतो. शेवटची केबल लावण्याआधी त्या फटीत २५ ते ५० ओमचा रेझिस्टर काही सेकंद धरला की कपॅसिटर हळू भरतात.

वाटणी समान झाली का, हे कसं ओळखायचं?

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्या. ५० अँपिअरच्या वरचा लोड काही मिनिटं चालवा आणि प्रत्येक बॅटरीच्या स्वतःच्या केबलवर मोजा. ५५-४५ असेल तर सोडून द्या. ७०-३० दिसलं तर कुठेतरी सांधा वाईट आहे. तो शोधायला मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा, लोड चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरं लगवर टेकवा. काही मिलिव्होल्ट ठीक, पन्नासच्या पुढे गेलं तर सांधा उघडा, घासा, पुन्हा आवळा. एक मिलिओमचा सांधा १०० अँपिअरला १० वॉट उष्णता तयार करतो, म्हणजे तो हातालाही कळतो. पण हात लावण्याआधी लोड बंद करा.

ही मोजणी साठा मध्यावर असताना करा. पूर्ण भरत आल्यावर किंवा संपत आल्यावर आकडे एकीकडून दुसरीकडे झुकतात, कारण तिथे व्होल्टेज झपाट्याने बदलतं.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर?

दोघींना ५० टक्क्यांच्या आसपास आणून मुख्य स्विच बंद करा, फ्लोटवर लावून ठेवू नका. स्विच बंद असला तरी बीएमएस आणि मॉनिटर थोडी वीज खातात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी आकडा पाहा. पुन्हा वापरायला काढताना दोघी जोडलेल्याच असतील तर एकदा पूर्ण चार्ज करा. वेगळ्या करून ठेवल्या असतील तर जोडण्याआधी व्होल्टेज मोजा, आणि फरक ०.१ पेक्षा जास्त निघाला तर दोघी आधी वेगवेगळ्या भरून घ्या.